विद्यार्थ्यांचे अध्यात्म कोणते?

परीक्षेचे दिवस जवळ आले की देवळांपुढच्या रांगांत कॉलेजच्या मुलांची गर्दी वाढू लागते. कोणी मनगटाला गंडा बांधतो, कोणी पेन देवाच्या पायांवर ठेवून उचलतो. आमच्या खेड्यातील शाळेत शिकून गेलेला एक कुणब्याचा मुलगा गेल्या साली कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. बापाने सोयाबीन विकून खानावळीसाठी धाडलेल्या पैशांतून त्याने पास होण्यासाठी ग्रहशांत केली आणि पुढचा महिना एक वेळ जेवून काढला. गणितात तो नापासच झाला. आम्ही रागे भरणार, तोच तो म्हणाला, "गुरुजी, भीती वाटत होती, अन् सांगायला कुणी नव्हतं." तेव्हा आमचा राग जागच्या जागी विरला.

कॉलेजात अध्यात्माला जागा असावी की नसावी, असा वाद विद्वान घालीत असतात. एक पक्ष म्हणतो, धर्माचे नावच नको. दुसरा म्हणतो, स्तोत्रे व प्रवचने सुरू करा, म्हणजे मुले वळणावर येतील. आमच्या या पोराला दोघांचाही उपयोग नाही. घराण्यात पहिल्यानेच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलाच्या मनाला आधाराची भूक असते. ती भूक खोटी नव्हे. आपण ती जागा रिकामी सोडली, तर तिथे बुवा येऊन बसतो आणि दक्षिणा मागतो.

जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, तो देव नाकारण्यासाठी नव्हे. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, एवढेच त्यांचे सांगणे होते. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. झाले आणि १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात सर्व धर्मांचा तौलनिक अभ्यास करावयास गेले. त्या अभ्यासाचे फळ काय? परत आल्यावर त्यांनी मठ बांधला नाही, तर १९०६ साली अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढले. सातारच्या बोर्डिंगात कर्मवीर भाऊरावांनी सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसविली. त्या मुलांच्या दाण्यागोट्यासाठी लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्रही मोडले. १९४७ साली भाऊरावांनी कॉलेज काढले, तेही 'कमवा आणि शिका' या बाण्यावर. याला अध्यात्म म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे?

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे, सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. आणि सरकारमान्य वा अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून प्रार्थनेस बसविता येत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर भारतीय ज्ञानपरंपरेचे विषय कॉलेजांत आले आहेत. ते जरूर शिकवा. पण त्या परंपरेत बुद्ध आहे, बसवेश्वर आहे, कबीर आहे, तुकोबा आणि जोतीरावही आहेत. यांतले कोणते नाव गाळले जाते, इकडे पालकांनी डोळा ठेवावा. आणि वर्गात हात वर करून "हे कशावरून?" असे विचारणाऱ्या पोराला नास्तिक ठरवून खाली बसवू नये. शंका घेणे हा विद्येचाच धर्म आहे.

आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक कॉलेजात मुलाचे मन ऐकून घेणारा एक तरी शिक्षक ठराविक वेळी भेटावा. वसतिगृहात सर्वांनी एकत्र रांधावे, एकत्र जेवावे आणि आपली ताटे आपण घासावी. ज्याला देवाची आठवण होईल त्याने ती खुशाल करावी; ज्याला होणार नाही त्याला कोणी टोचू नये.

विद्यार्थीबंधूंनो आणि भगिनींनो, परीक्षेपूर्वी मन घाबरले तर हात जोडा, आमची ना नाही. पण बापाने घामाच्या पैशांतून दिलेले खानावळीचे पैसे कोणाच्या दक्षिणेत घालू नका. पोटभर जेवा, अडलेले गणित मित्राला विचारा, आणि जे तुम्हांला आले ते शेजारच्या खोलीतल्या अडलेल्या पोराला समजावून सांगा. तुमची पूजा तिथेच पोहोचली, असे समजा.