क्वांटिटी सगळ्यात शेवटी

‘मार्केट इतकं हलतंय, मग ट्रेडिंग थांबवू का?’ असं आपल्या मंडळातली तरुण मंडळी मला विचारतात. त्यावर माझा उलटा प्रश्न असतो: तुम्ही शेअर किती घेता? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं, ‘शंभर.’ का शंभर? तर सवय म्हणून. कोडमध्ये आकडा हार्डकोड करू नये हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलेली माणसं जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर नेमकं तेच करतात!

हिशोब सोपा आहे. समजा ट्रेडिंगसाठी बाजूला काढलेले दोन लाख आहेत आणि एका सौद्यात जास्तीत जास्त एक टक्का, म्हणजे २,००० रुपये, जाऊ द्यायची तयारी आहे. ५०० रुपयांचा शेअर दिवसाला साधारण १० रुपये हलतो. स्टॉपलॉस त्याच्या दुप्पट, २० रुपये खाली ठेवला तर १०० शेअर बसतात. आता तोच शेअर दिवसाला २५ रुपये हलू लागला. स्टॉपलॉस २० रुपयांवरच ठेवला तर रोजच्या हेलकाव्यातच उडणार. म्हणून तो ५० रुपयांवर न्यायचा आणि शेअर ४० घ्यायचे. गुंतवलेली रक्कम ५०,००० वरून २०,००० झाली, पण धोका २,००० चाच राहिला.

रोजची ही सरासरी हालचाल म्हणजे चार्टवरचा एटीआर. वेल्स वाइल्डर यांनी तो १९७८ च्या पुस्तकात मांडला. ते मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर, हे मला उगाचच आवडतं.

संपूर्ण बाजारासाठी इंडिया व्हीआयएक्स बघा. त्याला १६ ने भागलं की निफ्टीच्या एका दिवसाच्या हालचालीचा ढोबळ टक्का मिळतो. २०२४ च्या निवडणुकीत एप्रिलच्या उत्तरार्धात तो १०-११ च्या आसपास होता, मे अखेरीस २४ च्या पुढे गेला. म्हणजे दिवसाला दीड टक्का. प्रत्यक्षात ३ जूनला निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त चढला आणि ४ जूनला, निकालाच्या दिवशी, जवळपास सहा टक्के कोसळला. अशा दिवशी भाव थेट स्टॉपलॉसच्या खाली उघडू शकतो, आणि मग २,००० चा हिशोब कागदावरच राहतो. म्हणून निकाल, बजेट अशा दिवसांआधी मी आलेल्या आकड्याचाही अर्धाच घेतो.

खरी अडचण फ्युचर्समध्ये आहे. तिथे ४० शेअर घेता येत नाहीत, अख्खा लॉट घ्यावा लागतो. सेबीच्या नव्या नियमांनंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये निफ्टीचा लॉट २५ चा ७५ झाला, पुढे त्यात पुन्हा बदल झाला. ७५ च्या लॉटवर निफ्टी २०० अंक विरुद्ध गेला तर १५,००० रुपये जातात. दोन लाखांतले साडेसात टक्के, एका दुपारी! हिशोबात पाव लॉट आला तर त्याचा अर्थ शून्य लॉट. तिथे ‘एक तरी घेऊ’ म्हणणाऱ्यांचं काय होतं? २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, असं सेबीचाच अभ्यास सांगतो. आणि त्यात बाबांची मोडलेली एफडी असेल, तर घरी सांगायचं काय?

क्वांटिटी परत कधी वाढवायची, हेही विचारतात. ५ जूनला व्हीआयएक्स २० च्या खाली आला, पण १४ दिवसांचा एटीआर इतक्या लवकर उतरत नाही. दोन्हींतून येणाऱ्या आकड्यांपैकी लहान असेल तो मी घेतो.