पलीकडची बाग आणि मधला रस्ता



मागील लेखात सायंकाळच्या फेरफटक्याचा मी बराच आग्रह धरला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एका वाचक-भगिनींच्या पत्राने मला अस्वस्थ केले. त्यांच्या मातोश्री ७८ वर्षांच्या. घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे नगरपालिकेची बाग, बागेत समवयस्क मैत्रिणींचा कट्टा. गेल्या वर्षी त्या रस्त्याचे काँक्रिटीकरण झाले. खड्डे गेले याचा सर्वांना आनंद झाला. परंतु गुळगुळीत रस्त्यावर वाहनेही भरधाव धावू लागली. मातोश्री दोनदा अर्ध्या रस्त्यातून माघारी फिरल्या. तिसऱ्या खेपेस एक दुचाकीस्वार त्यांच्या पदराला वारा देत निघून गेला आणि पुढे जाऊन वर त्यांच्यावरच खेकसला. तेव्हापासून तीन महिने त्या उंबरठ्याबाहेर पडलेल्या नाहीत. ‘आईला आता घरातल्या घरातच फिरू द्यावे का?’ असे कन्येने विचारले आहे.

प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर केवळ वैद्यकाच्या कक्षेत मावत नाही. या वयात तीन महिने बसून काढले तर मांडीचे स्नायू झपाट्याने क्षीण होतात, तोल बिघडतो, भूक मंदावते, झोप उडते. आणि कट्ट्यावरच्या गप्पा तुटल्याने मनावर जी मरगळ येते तिची नोंद कोणत्याही तपासणीत होत नाही. म्हणजे वाहनाचा धक्का न लागताही त्या रस्त्याने त्यांना इजा केलीच आहे. म्हणून आज वेगमर्यादा आणि तिची अंमलबजावणी या विषयाकडे आपण आरोग्याचा विषय म्हणून पाहू.

प्रथम चालण्याचा वेग. वाहतूक सिग्नलची आखणी करताना पादचारी सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे गृहीत धरण्याची प्रथा अनेक देशांत आहे. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींच्या चालीची मोजणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शंभरांपैकी ७६ पुरुष आणि ८५ स्त्रिया या गृहीत वेगापेक्षा सावकाश चालणाऱ्या निघाल्या. पुरुषांची सरासरी चाल सेकंदाला ०.९ मीटर, तर स्त्रियांची ०.८ मीटर होती. आपल्याकडे उंचसखल पदपथ, साडी, गुडघेदुखी आणि हातातली पिशवी यांचा हिशेब धरला तर ही चाल याहून फारशी वेगवान असेल असे मला वाटत नाही.

आता पत्रातील रस्ता डोळ्यांपुढे आणा. समजा, तो चौदा मीटर रुंद आहे आणि मध्ये दुभाजक नाही. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना तो ओलांडण्यास साडेसतरा सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे २४० मीटर अंतर कापते. म्हणजे पाऊल टाकण्यापूर्वी आजींना २४० मीटरवरची मोटार दिसली पाहिजे आणि तिचा वेगही अचूक ताडता आला पाहिजे. मोतीबिंदू वाढत असेल, मधे वळण किंवा उभा टेम्पो असेल, तर हे अशक्यच. मोटारीचा वेग ३० असेल तर हेच अंतर १४६ मीटरवर येते. त्यातच मध्ये दुभाजकाची, थांबण्याजोगी जागा मिळाली तर एका वेळी सातच मीटर ओलांडायचे असतात आणि केवळ ७३ मीटरपर्यंतचे पाहावे लागते. एवढे तर आपल्यापैकी बहुतेकांना चष्म्यासह दिसते.

समोरून थेट आपल्याकडे येणाऱ्या वाहनाचा वेग ओळखणे तरुणांनाही अवघड असते, कारण वाहन बाजूला सरकताना दिसत नाही, जागच्या जागी मोठे होत जाते. वय वाढते तसे आपण वेगापेक्षा अंतरावर अधिक विसंबतो. ‘अजून लांब आहे’ असे मन सांगते आणि आपण पाऊल टाकतो. हा भित्रेपणाही नव्हे, वेंधळेपणाही नव्हे. दृष्टी आणि मेंदू यांच्या गतीतला तो स्वाभाविक बदल आहे. तेव्हा घरातील मंडळींनी ‘आई, तू बघून चालत जा’ एवढेच सांगून आपली जबाबदारी संपली असे मानू नये.

दुसरी बाजू वाहनचालकाची. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही सुमारे एक सेकंद लागतो. ताशी ३० च्या वेगाने त्या सेकंदात मोटार आठ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी पाचेक मीटरांत थांबते. एकंदर तेरा मीटर. ताशी ५० चा चालक पहिल्या सेकंदातच जवळजवळ चौदा मीटर पुढे गेलेला असतो. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. तेरा मीटरवर एखादी वृद्धा अचानक दिसली, तर पहिली मोटार तिच्यासमोर थांबते आणि दुसरी ब्रेक लागण्यापूर्वीच, पूर्ण वेगानिशी तिच्यावर आदळते. दोन्ही चालक तितकेच सज्जन आणि तितकेच सावध असले, तरीही.

आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत आपण शिकलो होतो. ताशी ३० ची धडक म्हणजे साडेतीन मीटरवरून, साधारण पहिल्या मजल्यावरून पडणे. ताशी ५० ची धडक म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून पडणे. ६० ची असेल तर चौदा मीटर. ठिसूळ झालेले खुब्याचे हाड तर घरातल्या घरात पाय घसरूनही मोडते, मग पुढचे सांगायला नको. मोटारीच्या पुढच्या भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका वेग ५० वरून ६५ वर गेला की साडेचार पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. केंद्र शासनाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. याच अहवालात शंभरांपैकी ७१ मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात मांडलेले आहेत. पोलीस पंचनाम्यात हा रकाना कधी कधी सोयीने भरला जात असेल, रस्त्याच्या सदोष रचनेचा दोषही त्यात दडत असेल, अशी मला शंका आहे. तरीही वेगाचा वाटा मोठा आहे याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

मग वाद कशाचा? दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. केंद्राने एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने द्रुतगती मार्गांवर मोटारींची कमाल मर्यादा ताशी १२० आणि नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर ७० केली. रस्ते सुधारले, वाहनांचे ब्रेक सुधारले, मग मर्यादा जुनीच का, हा त्यामागचा विचार. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही अधिसूचना रद्द ठरवली. त्याच वर्षी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी द्रुतगती मार्गांवर ताशी १४० पर्यंत मुभा असावी असे आपले वैयक्तिक मत जाहीरपणे मांडले होते. कुंपणाने बंदिस्त, पादचाऱ्यांना प्रवेश नसलेल्या मार्गावर किती वेग असावा हा वाद अभियंत्यांनी खुशाल घालावा. माझे म्हणणे नगरपालिका हद्दीतील ७० या आकड्याविषयी आहे. ज्या रस्त्यावर दूधवाला, शाळकरी मूल आणि काठी टेकत निघालेले आजोबा एकाच वेळी असतात, त्या रस्त्यासाठी हा आकडा कोणाच्या वयाचा विचार करून ठरला असेल, हे मला कळत नाही.

दंडाविषयीची तक्रार अधिक तीव्र असते आणि तिच्यात तथ्यही आहे. फलक झाडाच्या फांदीआड, मर्यादा शंभर पावलांत बदललेली, आणि दंडाचा संदेश मात्र भ्रमणध्वनीवर तत्परतेने. ‘हा सुरक्षेचा प्रश्न की तिजोरीचा?’ असे लोक विचारतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हलक्या वाहनाच्या अतिवेगासाठी एक ते दोन हजार रुपये दंड ठरला, आणि कॅमेऱ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक साधनांनी देखरेख करण्याची तरतूदही कलम १३६अ अन्वये झाली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून अशी यंत्रणा सुरू झाली, तेव्हा घाटातील मर्यादेवरून झालेली खडाजंगी आपण वाचली असेल. चालकाला ज्या मर्यादेचे कारण समजत नाही ती तो कॅमेऱ्यापुरतीच पाळतो: कॅमेऱ्यापूर्वी ब्रेक, कॅमेऱ्यानंतर ॲक्सिलरेटर. म्हणून मर्यादा ठळकपणे दाखवणे, ती स्थळाला साजेशी असणे आणि दंड सर्वांना सारखा असणे या तिन्ही गोष्टी मी अंमलबजावणीचाच भाग समजतो. लाल दिव्याच्या गाडीला एक न्याय आणि रिक्षाला दुसरा, असे दिसले की कायद्याची आब जाते.

वेळ वाया जातो हा आक्षेप मात्र मला फारसा पटत नाही. तीन किलोमीटर अंतर ताशी ५० ने अखंड गेलात तर साडेतीन मिनिटांहून थोडे अधिक लागते, ३० ने सहा मिनिटे. फरक अडीच मिनिटांचाही नाही, आणि प्रत्यक्षात मधले सिग्नल तोही खाऊन टाकतात. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतील रस्त्यांवर ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरांची मर्यादा सर्वसाधारण करण्यात आली, तेव्हा विरोधाच्या याचिकेवर साडेचार लाखांहून अधिक सह्या झाल्या. शासनाला काही रस्त्यांचा फेरविचार करावा लागला. परंतु त्या रस्त्यांवरील जखमींची संख्या उतरली. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा आहे. तेथे जुलै २०२४ पासून पुढील पूर्ण वर्षभरात वाहतूक अपघातात एकही मृत्यू झाला नाही. तेथे मर्यादेच्या जोडीला अरुंद केलेले मार्ग, उत्तम पदपथ आणि कॅमेरेही आहेत. नुसत्या फलकाने हे साधत नाही.

आपल्याकडे नुसत्या फलकाची जागा गतिरोधकाने घेतली आहे, आणि तोही बहुधा एका रात्रीत उगवलेला. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि केवळ दहा सेंटिमीटर उंच, म्हणजे पसरट असावा लागतो. आपल्या गल्लीतला उंचवटा पाहा. कंबरदुखीच्या रुग्णाला रिक्षातून नेताना मणक्याला बसणारा हिसका शुश्रूषा करणाऱ्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

आता पुन्हा त्या भगिनींकडे. आईंना घरात कोंडू नये, हे माझे स्पष्ट मत. पहिल्या दोन आठवड्यांत कोणीतरी सोबत जावे आणि आईंच्या चालीनेच चालावे; हात धरून ओढत घाईने पलीकडे नेल्यास तोल जाण्याचा धोका वाढतो. बागेचे फाटक समोर असले तरी दुभाजक किंवा सिग्नल असेल तेथूनच ओलांडावे, मग दोनशे पावले अधिक पडली तरी चालतील. उभ्या वाहनांच्या फटीतून कधीही निघू नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलली असेल तर ती आता करून घ्यावी. सायंकाळी फिकट रंगाचे वस्त्र असावे आणि दिवेलागणीपूर्वी परतावे. रक्तदाबाची किंवा झोपेची नवी गोळी सुरू झाली असेल तर पहिले काही दिवस रस्ता एकट्याने ओलांडू नये.

एक सूचना मात्र अधोरेखित करतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांना वाहनाचा निसटता धक्का लागून डोके आपटले, तर खोक नसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. उतारवयात मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचू शकते. गुंगी, गोंधळ, डोकेदुखी, चालताना झोक जाणे ही लक्षणे कित्येक दिवसांनी, कधी आठवड्यांनीही प्रकटतात आणि ‘वयोमानाने होते’ म्हणून दुर्लक्षिली जातात. अपघातसमयी १०८ किंवा ११२ हा क्रमांक लावावा. मदत करणाऱ्या व्यक्तीस कायद्याने संरक्षण दिलेले आहे; तिला नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

राहिला रस्ता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी विशिष्ट रस्त्यावर कमी वेगमर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. त्या भगिनींना मी असे कळवले आहे: एका रविवारी बागेतल्या कट्ट्यावरील सर्व मैत्रिणींनी घड्याळ लावून, सोबतीने, तो रस्ता ओलांडावा. प्रत्येकीचे वय आणि लागलेले सेकंद एका कागदावर लिहावेत. खाली रस्त्याची रुंदी लिहावी, मध्ये थांबण्याची जागा, उंच केलेला पादचारी पट्टा आणि ताशी ३० च्या मर्यादेची मागणी करावी, सर्वांच्या सह्या घ्याव्यात, आणि तो अर्ज वाहतूक शाखा व नगरपालिका या दोन्ही ठिकाणी देऊन पोहोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास स्मरणपत्र द्यावे.

काल त्यांचे उत्तर आले. सात जणींची नावे यादीत चढली आहेत. मातोश्रींचे एकवीस सेकंद भरले, आणि कागद त्यांनी स्वतःजवळ ठेवून घेतला आहे. सोमवारी कचेरीत त्याच जाणार आहेत.