पिनकोडची फोड

सांगलीचा पिनकोड ४१६४१६, साताऱ्याचा ४१५००१. दोघांत फरक अवघा १४१५ चा. पण मूळ अवयव पाडायला बसले की या दोन संख्यांचे स्वभाव पार वेगळे निघतात.

सांगलीची संख्या पाहताक्षणी फुटते. तीन अंकांचा गट जसाच्या तसा पुन्हा आला की संख्या १००१ च्या पटीत असते आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. उरलेले ४१६ म्हणजे ३२ × १३. एकूण २⁵ × ७ × ११ × १३². विभाजक तब्बल ७२.

सातारा मात्र दाद देत नाही. २, ३, ५, ७, ११, १३ अशा ओळीने मूळ संख्या लावत गेले, तर पहिला निःशेष भाग जातो ६१३ ने. ही ११२वी मूळ संख्या. भागाकार ६७७, तोही मूळच. म्हणजे विभाजक चारच.

एवढे भागाकार कोणता विद्यार्थी करील? करायची गरजही नाही. नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त (१३५६) दिलेली आणि पुढे सतराव्या शतकात फर्माच्या नावाने प्रसिद्ध झालेली रीत इथे कामी येते. ४१५००१ चे वर्गमूळ ६४४ हून थोडे अधिक. पुढची पूर्ण संख्या ६४५, तिचा वर्ग ४१६०२५. त्यातून ४१५००१ वजा केले की १०२४, म्हणजे ३२ चा वर्ग. मग (६४५ − ३२)(६४५ + ३२) = ६१३ × ६७७. पहिल्याच पायरीत उत्तर!

दोन अवयव जवळजवळ असले तरच ही रीत झटपट चालते; लांब असले की रेंगाळते. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मांडलेल्या आरएसए कूटपद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्या गुणल्या जातात. त्या एकमेकींच्या फार जवळ नसाव्यात, ही दक्षता याच कारणाने घ्यावी लागते.

पाठ्यपुस्तकातल्या संख्या बहुधा अवयव सहज पडावेत अशा बेताने निवडलेल्या असतात. त्यामुळे रीत निवडण्याचा प्रश्न मुलांपुढे येतच नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतला, १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेला पिनकोड टपालाच्या वर्गवारीसाठी आहे. अवयव सोपे पडावेत याची काळजी त्यात कोणी घेतलेली नाही, आणि वर्गासाठी त्याची किंमत नेमकी हीच आहे.

दोन्ही जिल्ह्यांतल्या गणितशिक्षकांनी अवयवांच्या तासाला मुलांना आपापल्या गावाचा पिनकोड फोडायला द्यावा. उत्तराइतकेच गुण रीत का निवडली याच्या कारणाला द्यावेत. सुरुवात कराडपासून करता येईल: ४१५११० ला ३० ने भागले की १३८३७ उरतात आणि त्यांचे दोन मूळ अवयव नारायण पंडिताच्या रीतीने दुसऱ्या पायरीत मिळतात.