पडद्यावरील गुरूंचा स्वाध्याय

व्यापारी घरातील मुलगा आता दुकान सांभाळून वाणिज्य शाखेचा अभ्यास करतो. सून अर्धवट राहिलेली पदवी घरबसल्या पूर्ण करते. ऑनलाइन शिक्षणाने ही सोय झाली आहे. शुल्क भरताना कुटुंबीय प्रमाणपत्राची चौकशी करतात. परंतु पडद्यावरून कसे शिकवावे हे शिक्षकाला कोणी शिकविले आहे काय, असे सहसा विचारीत नाहीत.

हा प्रश्न गौण नाही. केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून पूर्ण करण्याची मुभा महाविद्यालयांना दिली. पदवीचा एवढा मोठा भाग पडद्यावर सोपविला जात असेल, तर पडद्यावरील अध्यापनाचा कसही पाहिला पाहिजे.

वर्गात मुलांचे चेहरे पाहून शिक्षक थांबतो, उदाहरण बदलतो. चित्रफितीपुढे चेहरे नसतात. शंका कोठे येईल हे आधीच ओळखून पाठ रचावा लागतो. मुंबईच्या आयआयटीतील सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांना शिकविलेली पद्धत याच विचारावर उभी आहे. चित्रफीत छोटी असावी, मध्येच प्रश्न विचारून ती थांबवावी, विद्यार्थ्याने उत्तर लिहावे आणि मगच पुढे जावे. अखेरचा मालसाठा जास्त दाखविला तर नफ्याचे काय होईल, असे विचारून शिक्षक थांबला, की ताळेबंद पाठ करण्याऐवजी समजू लागतो.

जैन परंपरेला हे नवे नाही. वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा ही स्वाध्यायाची पाच अंगे. ‘स्वयम्’च्या अभ्यासक्रमात चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वमूल्यमापन असते. चर्चा ही पृच्छनेची जागा, स्वमूल्यमापन ही परिवर्तनेची, आणि प्रश्नानंतरचा तो विराम अनुप्रेक्षेचा. धर्मकथा शेवटी येते. इतरांना सांगण्यापूर्वी स्वतः शिकावे, हा क्रम शिक्षकालाही लागू आहे.

छत्रपती संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र आहे. देशातील अशी केंद्रे २०२३ पासून मालवीय मिशनखाली काम करतात. अडचण तासिका तत्त्वावरील अध्यापकांची आहे. जेवढे तास, तेवढेच मानधन. प्रशिक्षणाला गेल्यास त्या दिवसांची कमाई बुडते. परिणामी ज्याला प्रशिक्षणाची गरज अधिक, तोच त्यापासून दूर राहतो.

समाजातील अनेक श्रावक शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आहेत. इमारतीसाठी देणगी सहज मिळते, कारण इमारत दिसते. त्या देणगीतील थोडा वाटा अध्यापकांच्या प्रशिक्षणकाळातील मानधनासाठी राखून ठेवला, तर तेही ज्ञानदानच ठरेल. पालकांनीही प्रवेशापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: शंकेला उत्तर कोण देते, किती दिवसांत देते, आणि त्या शिक्षकाने अशा अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आहे काय? माल पारखून घेणाऱ्या घरांना एवढी चौकशी जड नाही.