जैनाबादच्या गाडीमालकांचा प्रश्न मॉडेलचा नाही, नंबर प्लेटचा
बुऱ्हाणपूर : गाडीमालकांचे ग्रुप सहसा कंपनी आणि मॉडेलनुसार बनतात. मायलेज किती, टायर कोणते, सर्व्हिसिंग कुठं, हीच चर्चा. पण तापीकाठच्या जैनाबादसारख्या गावात पैसे अडकतात ते नंबर प्लेटवर. इथली नोंदणी एमपी-६८, सीमेपलीकडे जळगावची एमएच-१९, बुलढाण्याची एमएच-२८. पाहुणे, बाजार आणि जुन्या गाड्यांचे सौदे मात्र दोन्हीकडे.

नियमाबद्दल गैरसमज फार. सीमा ओलांडली म्हणून नंबर बदलावा लागत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी हवी. गाडीवर कर्ज असेल, तर फायनान्सवाल्याची संमतीही हवी. नव्या राज्याचा कर आधी भरायचा, जुन्याचा परतावा नंतर मागायचा. म्हणजे स्वस्तात मिळालेली गाडी खिशाला भारी पडू शकते.

२०२१ मध्ये बीएच मालिका आली. ती सरकारी कर्मचाऱ्यांना आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरदारांना मिळते. केळी पिकवणारा शेतकरी, यंत्रमागवाला, दुकानदार त्यात बसत नाही. सीमेवर राहतो तोच बाहेर!

तेव्हा सीमाभागातल्या ग्रुपमध्ये आधी नोंदणी, कर, कर्जाचा बोजा यांवर बोलणं व्हावं. मायलेजचं नंतर बघता येईल.