न्यूकॅसलला नकार का मिळतात?

ऑगस्ट 2025मध्ये स्लोव्हेनियाचा 22 वर्षांचा आघाडीवीर बेंजामिन शेश्को याला इंग्लंडमधल्या दोन क्लबांपैकी एक निवडायचा होता. न्यूकॅसल युनायटेड आदल्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये पाचवे आले होते, लीग कप जिंकले होते आणि चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणार होते. मँचेस्टर युनायटेड पंधरावे आले होते. 38 सामन्यांत अवघे 42 गुण, आणि युरोपातल्या कुठल्याही स्पर्धेत जागा नाही. त्याच हंगामात न्यूकॅसलने मँचेस्टरला त्यांच्या मैदानावर 2-0 आणि आपल्या मैदानावर 4-1 असे हरवले होते. शेश्कोच्या क्लबपुढे, लायपझिगपुढे, ठेवलेल्या रकमेतही न्यूकॅसल मागे नव्हते. तरी शेश्को मँचेस्टरला गेला.

त्या उन्हाळ्यातला हा एकच नकार असता तर एका तरुणाची आवड म्हणून सोडून देता आला असता. पण त्याआधी लियाम डेलॅप चेल्सीला गेला. ब्राइटनचा जोआव पेद्रोही चेल्सीला गेला आणि काही दिवसांतच क्लब वर्ल्ड कपच्या उपांत्य आणि अंतिम सामन्यात गोल करून मोकळा झाला. ब्रायन म्बेमोने मँचेस्टर युनायटेड गाठले. बर्नलीचा गोलरक्षक जेम्स ट्रॅफर्ड न्यूकॅसलच्या हाती जवळजवळ आला होता, तेवढ्यात त्याच्या जुन्या क्लबने, मँचेस्टर सिटीने, करारातल्या हक्काचा वापर करून त्याला परत नेले. फ्रँकफर्टच्या ह्यूगो एकितिकेने लिव्हरपूल पसंत केले. त्याने तर 2022मध्येही न्यूकॅसलला नकार देऊन पॅरिसचा रस्ता धरला होता. 25 ऑगस्टला लिव्हरपूल सेंट जेम्स पार्कवर आले तेव्हा एकितिकेने न्यूकॅसलच्या प्रेक्षकांसमोर गोल केला आणि न्यूकॅसल 3-2 असे हरले.

सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या मालकीचा क्लब. सत्तर वर्षांनी देशातली मोठी स्पर्धा जिंकलेला. दर सामन्याला 52 हजारांचे मैदान भरवणारा. अशा क्लबला इतके नकार का यावेत?

सर्वांत सोपे उत्तर भूगोलाचे. न्यूकॅसल इंग्लंडच्या पार ईशान्येला, थंडी बोचरी, लंडन रेल्वेने तीन तासांवर. दक्षिण अमेरिकेतल्या किंवा फ्रान्समधल्या खेळाडूच्या बायकोला लंडन हवे असते, असे टीव्हीवरच्या चर्चेत हमखास ऐकू येते. हे उत्तर इतिहासासमोर टिकत नाही. 1982मध्ये इंग्लंडचा कर्णधार केविन कीगन न्यूकॅसलला आला तेव्हा क्लब दुसऱ्या विभागात होता. 1996मध्ये अॅलन शिअररने मँचेस्टर युनायटेडला नाही म्हणून दीड कोटी पौंडांच्या तेव्हाच्या जागतिक विक्रमी रकमेत आपल्या गावचा क्लब निवडला. आता शिअरर घरचा मुलगा होता, त्याचे बाजूला ठेवू. पण जानेवारी 2022चे काय? त्या हंगामात तोवर एकच सामना जिंकलेल्या आणि तळाशी रुतलेल्या न्यूकॅसलकडे किएरन ट्रिपियर आला, तो स्पॅनिश लीग जिंकलेल्या अॅटलेटिको माद्रिदमधून. त्याच महिन्यात ब्रुनो गिमाराइस लियाँ सोडून आला, ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचा खेळाडू. पुढच्या वर्षी सँड्रो टोनाली मिलान सोडून आला. हवामान तेव्हाही हेच होते. लंडन तेव्हाही तितकेच लांब होते.

मग 2022 आणि 2025 यांच्यात काय बदलले?

ट्रिपियर का आला, हे पाहिले की बरेच उलगडते. प्रशिक्षक एडी हाव आणि तो बर्नलीत एकत्र होते. हाव माणूस म्हणून कसा आहे हे ट्रिपियरला ठाऊक होते. सौदी निधीने ऑक्टोबर 2021मध्ये सुमारे साडेतीस कोटी पौंडांना क्लब घेतला होता आणि व्यवहाराचा चेहरा असलेल्या अमांडा स्टेव्हली खेळाडूंशी आणि त्यांच्या घरच्यांशी स्वतः बोलत होत्या. थोड्याच महिन्यांत डॅन अॅशवर्थ क्रीडा संचालक म्हणून आले, त्यांच्यासोबत मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून डॅरेन ईल्स. खेळाडूला विचारायचे असते: तीन वर्षांनी हा संघ कुठे असेल, माझा पगार तेव्हा कोण वाढवून देईल, मला पुढे जायचे असेल तर कोणाशी बोलायचे? 2022मध्ये या प्रश्नांना उत्तर देणारी माणसे न्यूकॅसलकडे होती.

2024च्या सुरुवातीला अॅशवर्थना मँचेस्टर युनायटेडने ओढले. जुलैमध्ये स्टेव्हली बाहेर पडल्या. अॅशवर्थच्या जागी आलेले पॉल मिचेल वर्षभरही रमले नाहीत आणि जून 2025च्या अखेरीस, म्हणजे ऐन खरेदीच्या तोंडावर, निघून गेले. ईल्स यांनी आजारपणामुळे पद सोडायचे 2024मध्येच जाहीर केले होते. त्यांचा उत्तराधिकारी सप्टेंबर 2025मध्ये आला, तोवर खेळाडू खरेदीची विंडो बंद झाली होती. प्रीमियर लीगमधला सर्वांत श्रीमंत मालक असलेला क्लब आपल्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या उन्हाळ्यात क्रीडा संचालकाशिवाय बाजारात उतरला. बोलणी हाव आणि खेळाडू शोधणाऱ्या छोट्या चमूने चालवली. या माणसांनी प्रामाणिकपणे घाम गाळला, पण शब्द देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, आणि समोरच्या एजंटला हे पक्के माहीत होते.

न्यूकॅसलचा आघाडीवीर अलेक्झांडर इसाक याचे प्रकरण इथूनच समजते. प्रीमियर लीगच्या 2024-25च्या हंगामात 23 गोल, लीग कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध गोल. हा खेळाडू आशिया दौऱ्यावर गेला नाही, स्पेनमध्ये आपल्या जुन्या क्लबच्या मैदानावर एकटा सराव करत राहिला आणि 19 ऑगस्टला त्याने जाहीर केले की क्लबने दिलेली वचने मोडली आहेत. त्याला जाऊ देण्याचे वचन कुणाही पदाधिकाऱ्याने दिलेले नाही, असे क्लबने त्याच दिवशी उत्तर दिले. यात खरे कोण, ते बाहेरून ठरवता येत नाही. पण जे इसाकशी बोलले असतील, त्यातले किती जण तेव्हा पदावर होते? शब्द देणारे निघून गेले की शब्दही कागदाच्या बाहेर पडतो. 1 सप्टेंबरला साडेबारा कोटी पौंडांच्या ब्रिटिश विक्रमी रकमेत इसाक लिव्हरपूलला गेला. क्लबचा सर्वांत चांगला खेळाडू संपावर बसलेला पाहून बाहेरचा कोणता आघाडीवीर निर्धास्तपणे सही करेल? आधीचे नकार या संपापूर्वीचे होते, पण शेश्कोच्या नकारामागे ही शंकाही असू शकते.

क्लब एका उन्हाळ्यात डोके हरवून बसला की काय होते, याचा दाखला मँचेस्टर युनायटेडच्याच इतिहासात आहे. 2013मध्ये अॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले आणि त्याच सुमारास मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेले. क्लब नुकताच विसाव्यांदा विजेता झाला होता, तिजोरी भरलेली होती. तरी थिआगो अल्कांतारा बायर्नला गेला, सेस्क फाब्रेगास बार्सिलोनातून हलला नाही, आणि शेवटच्या दिवशी मारुआन फेलायनी 2 कोटी 75 लाख पौंडांना घ्यावा लागला. करारातल्या अटीनुसार जुलैअखेरपर्यंत तो याहून 40 लाखांनी स्वस्त मिळत होता. विजेतेपदाची झळाळी होती, पण ती खेळाडूपर्यंत नेणारी माणसे नवखी होती.

फरक एवढाच की मँचेस्टर युनायटेडला अशी चूक वर्षानुवर्षे परवडते. 2023-24मध्ये त्यांचे उत्पन्न सुमारे 66 कोटी पौंड होते, न्यूकॅसलचे 32 कोटी. पंधराव्या स्थानावरच्या क्लबची कमाई पाचव्या स्थानावरच्या क्लबच्या दुप्पट. शेश्कोचा निर्णय या आकड्यांतून बघितला की तो तितका विचित्र वाटत नाही. गुणतक्ता दर मे महिन्यात पुसला जातो. उत्पन्नाची क्रमवारी हलायला दशक लागते, आणि पगार उत्पन्नातूनच निघतात.

इथे नियमांबद्दल बोलायलाच हवे. प्रीमियर लीगच्या त्या वेळच्या नफा आणि टिकाऊपणाच्या नियमानुसार तीन वर्षांत जास्तीत जास्त साडेदहा कोटी पौंडांचा तोटा चालत होता. मालक कितीही धनवान असो, त्याला खिशातून हवे तेवढे ओतता येत नाही. मालकाशी संबंधित कंपन्यांच्या प्रायोजकतेलाही बाजारभावाची कसोटी लागते, आणि ती कसोटी लीगने कडक केली ती न्यूकॅसल सौदी निधीने घेतल्यानंतर लगेच. या नियमामागचा हेतू चुकीचा म्हणता येणार नाही. मालकांच्या हव्यासापायी पोर्ट्समथसारखा क्लब 2010मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेला होता. सरकारी तिजोरीतून फुटबॉल विकत घेतला जाऊ नये, हेही खरे, आणि मानवी हक्कांबाबत सौदी राजवटीवर घेतले जाणारे आक्षेप न्यूकॅसलच्या चाहत्यांनी ऐकायलाच हवेत. पण याच नियमामुळे जुन्या श्रीमंतांचे उत्पन्नच नव्यांच्या खर्चाला कुंपण म्हणून उभे राहिले आहे. 2007 ते 2021 या माइक अॅशली यांच्या मालकीच्या चौदा वर्षांत न्यूकॅसल दोनदा खालच्या विभागात घसरले, मैदानाच्या भिंती मालकाच्या स्वतःच्या दुकानाच्या जाहिरातींनी भरल्या, आणि क्लबचे व्यावसायिक उत्पन्न वाढवण्यात कुणाला रस उरला नव्हता. त्या निष्काळजीपणाची किंमत आजचा संघ मोजतो आहे.

आणि ती खेळाडूंना दिसते. जून 2024मध्ये नियमभंगाच्या भीतीने न्यूकॅसलने आर्थिक वर्ष संपायच्या तोंडावर दोन तरुण विकले: यांकुबा मिन्तेह ब्राइटनला आणि एलियट अँडरसन नॉटिंगहॅम फॉरेस्टला. अँडरसन त्याच भागातला, लहानपणापासून क्लबच्याच अकादमीत वाढलेला. सव्वा वर्षात तो इंग्लंडकडून खेळला. घरचे पोर हिशेबासाठी विकावे लागते, हे पाहणाऱ्या ड्रेसिंग रूमला ‘आपण मोठे होतोय’ हे पटवून देणे कठीण आहे.

लहान क्लबांचे या बाबतीत बरे चालते, कारण ते खोटी आशा दाखवत नाहीत. ब्राइटन खेळाडूला सरळ सांगते: इथे खेळ, चांगला खेळलास तर आम्ही तुला विकू. मॉइसेस काइसेडो इक्वेडोरमधून आला आणि 2023मध्ये दहा कोटी पौंडांहून अधिक रकमेत चेल्सीला गेला. अलेक्सिस मॅक अॅलिस्टर त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलला. त्यामुळे ब्राइटनकडे येणाऱ्या तरुणाला पुढचा रस्ता दिसतो. लिव्हरपूल किंवा रेआल माद्रिदला येणाऱ्याला रस्त्याची गरजच नसते, तो पोहोचलेला असतो. न्यूकॅसल या दोहोंच्या मधे अडकले आहे. इथून मोठ्या क्लबात जाता येईल का, तर इसाकला त्यासाठी भांडावे लागले. इथेच राहून मोठे होता येईल का, तर पगाराची मर्यादा आड येते. एकितिके किंवा जोआव पेद्रोला या मधल्या अवस्थेचे आकर्षण वाटले नाही, यात नवल नाही.

न्यूकॅसल त्या उन्हाळ्यात रिकाम्या हाताने परतले, असे मात्र नाही. अँथनी एलांगा, मलिक थियाव, जेकब रॅमसी आले. ऑगस्टच्या अगदी शेवटी स्टुटगार्टचा निक वोल्टेमाडे आला आणि त्याच्यासाठी क्लबने आपला खरेदीचा विक्रम मोडला. बायर्न म्युनिक उन्हाळाभर त्याच्या मागे होते. त्यांच्या फेटाळलेल्या बोलींपेक्षा न्यूकॅसलने बरेच जास्त मोजले. पहिल्याच सामन्यात वुल्व्ह्सविरुद्ध त्याने डोक्याने गोल करून संघाला जिंकून दिले, तेव्हा प्रेक्षकांचा जल्लोष अगदी योग्य होता. पण घाईची किंमत कळायला हवी. जूनमध्ये ठरवून केलेली खरेदी आणि ऑगस्टअखेर नाइलाजाने केलेली खरेदी यांच्या दरात कोट्यवधींचा फरक पडतो. ब्रेंटफर्डच्या योआन विसासाठी साडेपाच कोटी पौंड गेले, तेव्हा तो 29 वर्षांचा होत होता. इसाकच्या बंडाबद्दल संतापलेल्या चाहत्यांनी हेही लक्षात घ्यावे, की विसानेही आपल्या क्लबविरुद्ध असाच अडून बसण्याचा मार्ग घेतला होता आणि त्याचा फायदा न्यूकॅसलला झाला.

आता क्लबला मुख्य कार्यकारी म्हणून डेव्हिड हॉपकिन्सन मिळाले आहेत, ऑक्टोबर 2025मध्ये क्रीडा संचालक म्हणून नॉटिंगहॅम फॉरेस्टमधून रॉस विल्सन आले. नेमणुका चांगल्या आहेत, पण त्या उशिरा झाल्या आणि याचा जाब हावला किंवा खेळाडूंना नव्हे, तर रियाधमधल्या मालकांना विचारला पाहिजे. सेंट जेम्स पार्क वाढवायचे की शेजारी नवे मैदान बांधायचे, हा निर्णय वर्षानुवर्षे रेंगाळला आहे. आधुनिक सराव केंद्राचेही तेच. नियमांत मैदान आणि अकादमीवरच्या खर्चाला सूट आहे, म्हणजे मालकांना मोकळ्या हाताने पैसे घालता येतील अशी हीच जागा आहे, आणि इथेच ते हात आखडून बसले आहेत. मैदान मोठे झाले तर उत्पन्न वाढेल, उत्पन्न वाढले तर गिमाराइस आणि टोनालीला टिकवणारा पगार देता येईल. पुढचा आघाडीवीर सही करण्यापूर्वी याच दोघांना फोन करून विचारणार आहे की तिथे दिलेला शब्द पाळतात का. विल्सन यांनी कुठल्याही नव्या खेळाडूच्या मागे लागण्याआधी या दोघांचे पुढचे करार हातात घ्यावेत.