घरचे आरोग्य : आखडलेली बोटे आणि झिजणारी हाडे

दिल्लीची थंडी पडू लागली की घरातील एखादी वडीलधारी स्त्री सकाळी म्हणते, "बोटे आखडली आहेत, ऊन वर आले की मोकळी होतील." आपणही थंडीला दोष देऊन कामाला लागतो. परंतु वाचकहो, हा ताठरपणा रोज सकाळी तासभर टिकत असेल आणि दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजत असतील, तर दोष केवळ थंडीचा नसावा. तो आमवात असू शकतो. आणि या रोगात सांध्यांबरोबर हाडेही झिजतात. असे का व्हावे, हे समजून घेण्यासारखे आहे.

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. अस्थिभंजक पेशी त्यातील जुना भाग विरघळवितात व अस्थिजनक पेशी तेथे नवा रचतात. निरोगी शरीरात या जमाखर्चाचा मेळ बसतो. अस्थिभंजक पेशी तयार होण्यास 'रँकल' नावाच्या प्रथिनाचा निरोप लागतो, आणि एरवी हाडातील पेशी तो बेताने धाडतात. आमवातात मात्र शरीराच्या रक्षणासाठी असलेल्या पांढऱ्या पेशी आपल्याच सांध्यांवर उलटतात. तेथे निर्माण होणारी टीएनएफ, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१७ ही द्रव्ये दाह वाढवितात, त्याचबरोबर 'रँकल'ही वाढवितात. मग हाड तोडणाऱ्या पेशींची संख्या वाढते आणि रचणाऱ्यांचे काम मंदावते.

पांढऱ्या पेशींच्या स्रावाने हाड विरघळू शकते, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९७२ साली दाखविले. आपल्या देशातही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील डॉ. मोहन वाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली उंदरांच्या पेशींवर प्रयोग केले. 'रँकल'चा निरोप असूनही इंटरल्यूकिन-३ हे द्रव्य कोवळ्या पेशींना अस्थिभंजक होऊ देत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे प्रतिकारयंत्रणेचे सारेच निरोप हाडांच्या मुळावर उठणारे नसतात. पुढे २०१८ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. रूपेश श्रीवास्तव यांनी, हाडे ठिसूळ होण्यातील या यंत्रणेचा वाटा अभ्यासणाऱ्या शाखेला 'इम्युनोपोरोसिस' असे नाव दिले.

यातून आपण घरी काय घ्यावे? शेकल्याने व तेल चोळल्याने आराम पडतो, हे खरे. कॅल्शियम व ड जीवनसत्त्वही हवेच. तथापि विटा पुरविल्याने पाडकाम थांबत नाही. त्यासाठी दाहच शमविला पाहिजे, आणि तोही लवकर. कुरतडले गेलेले हाड पूर्ववत होणे कठीण असते. मेथोट्रेक्झेट, तसेच टीएनएफला रोखणारी औषधे आज उपलब्ध आहेत. ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. दुखणे झटपट थांबविणारी स्टेरॉइडची गोळी मात्र कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नये. दीर्घकाळ घेतल्यास तीही हाडे पोकळ करते. ती आधीच चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून एकाएकी बंदही करू नये.

आपल्या घरातील स्त्रिया दुखणे सांगत नाहीत. पोळी लाटताना हात थांबला तरी कुणाला कळू देत नाहीत. तेव्हा यंदाच्या थंडीत "ऊन वर येऊ दे" असे कुणी म्हणाले, तर त्यांची बोटे आपल्या हातात घेऊन पाहा. ती सुजलेली दिसली, तर उन्हाळ्याची वाट न पाहता त्यांना संधिवाततज्ज्ञाकडे घेऊन जा.